कात्रीचा वाटा

माझ्या दुकानात चोरी झालीय, हे मला एका लहान पोरीच्या बाहीवरून कळलं.

शाळा सुटायची वेळ होती. मी दोरे आणायला निघाले होते. फाटकापाशी माझ्या शिवणाच्या दुकानात काज-बटणं करणारी काजवाली उभी होती आणि तिचं बोट धरून तिची पाच वर्षांची नात. नातीच्या अंगात जाडसर हिरवा फ्रॉक, त्यावर पिवळे पक्षी. मनगटापर्यंत बाह्या, कॉलर नीट बसलेली. मी कौतुक करायला वाकले, आणि डाव्या बाहीवर मला तो पक्षी दिसला ज्याला डोकंच नव्हतं. छपाईतली चूक. तो बिनडोक्याचा पक्षी मी ओळखत होते. तो माझ्या पेटीत राहायचा.

"छान झालाय हो फ्रॉक," मी म्हटलं.

काजवालीनं नातीला हळूच मागे ओढलं. "जुनाच आहे, ताई."

दोरे न घेताच मी परत आले. कापायच्या टेबलाखालची लाकडी पेटी ओढली, तर ती एका हाताने सरकली. एरवी दोन्ही हात लावावे लागतात.

आता ही पेटी काय आहे ते सांगायला हवं, आणि ते सांगताना मला जरा इकडेतिकडे बघावं लागणार आहे.

शिवण मी कुणाकडे शिकले नाही. जुने कपडे उसवून, ते कसे जोडले होते ते बघत बघत शिकले. तेव्हा हाताशी कापड कमीच असायचं, त्यामुळे कमी कापडात बसवणं मला फार चांगलं येतं. कागदी नमुने कापडावर उलटसुलट फिरवायचे, बाहीच्या गोलाईत खिसा बसवायचा, कॉलर जोड देऊन काढायची. गिऱ्हाईक विचारतं, किती आणू? मी म्हणते, अडीच मीटर. लागतं पावणेदोन. उरलेलं पेटीत. मी त्याला 'कात्रीचा वाटा' म्हणायचे. हसत म्हणायचे. हसत म्हटलं की बरं असतं.

काजवाली नऊ वर्षं माझ्या समोरच्या स्टुलावर बसून काज करतेय, बटणं लावतेय, खालच्या पट्ट्या दुमडतेय. तीही हसायची. तिच्यासारखे काज या भागात कुणाचे नाहीत. उलट्या बाजूने बघितलं तरी सुलटे वाटतात. पेटीत लोकर होती, रेशीम होतं, कोटाचं कापड होतं. त्या सगळ्याचं मी काय करणार होते, ते मात्र विचारू नका. रविवारी काढायचे, घडी बदलायचे, परत ठेवायचे.

संध्याकाळी वन्सं आल्या. वन्सं म्हणजे माझी थोरली नणंद, शाळेच्या ऑफिसात आयुष्य काढून निवृत्त झालेली. नियमाचं काही निघालं की त्यांच्या गुडघ्यांचं दुखणं पळून जातं.

"पोलिसांत जा," त्या म्हणाल्या. "आज कापड गेलं, उद्या मशीन जाईल."

"मशीन तिला उचलणार नाही हो."

"चेष्टा सुचतेय तुला! नऊ वर्षं विश्वास टाकलास, आणि ती तोंडावर सांगते जुनाच आहे म्हणून? अशी माणसं गप्प बसणाऱ्यांच्याच डोक्यावर बसतात. उठ. मी येऊ का बरोबर?"

"नको," मी म्हटलं. पण त्यांनी बरोबर दुखऱ्या जागी बोट ठेवलं होतं. कापडापेक्षा मला ते 'जुनाच आहे' जास्त लागलं होतं. माझंच कापड, माझ्याच नजरेसमोर, आणि मला येडी समजते? रात्रभर मी मनातल्या मनात तिला बोलत राहिले. सकाळी दुकानाला कुलूप लावून तडक पोलीस चौकीत गेले.

तिथे एक कॉन्स्टेबल बाई होती, तिशीतली, हसऱ्या तोंडाची. तिने खुर्ची दिली, पाणी दिलं, कागद पुढे ओढला.

"कामावरचीच बाई का? आधी सांगते, ताई, तुम्ही सही केलीत की आम्हाला तिच्या घरी जावं लागणार. झडती होणार. शेजारीपाजारी दारात उभे राहून बघणार. मग मागाहून लोक म्हणतात, एवढं होईल असं वाटलं नव्हतं. विचार केलाय ना?"

"केलाय."

केला होताच. नात तिच्याकडेच राहते. पोरीची आई कुठे असते ते काजवाली सांगत नाही आणि मी विचारत नाही. चौकीची पायरी चढलेल्या बाईला या भागातला एकही शिंपी सुई देणार नाही, हेही मला माहीत होतं. माहीत असून मी 'केलाय' म्हटलं.

"बरं. काय काय गेलं?"

"कापड. तुकडे."

"वर्णन सांगा."

मी सांगत गेले, ती लिहीत गेली. राखाडी लोकर, निळं रेशीम, कोटाचं तपकिरी. "आणि हिरवं जाड सुती. त्यावर पिवळे पक्षी. एका पक्ष्याला डोकं नाही."

तिचं पेन थांबलं. तिने मान वर केली आणि खुदकन हसली.

"अहो, ताई! पक्ष्यांचं हिरवं? आमच्या पोरीचा फ्रॉक नाही का शिवलात तुम्ही मागल्या वर्षी? वर्दीत ओळखलं नाहीत ना मला?"

नव्हतं ओळखलं. मी कापड विसरत नाही, माणसं विसरते.

"तुम्ही सांगितलंत तेवढं अडीच मीटर मी मोजून आणलं होतं," ती म्हणाली, "पण पाण्यात घातल्यावर आटलं म्हणालात. बाह्या कोपरापर्यंतच आल्या. तरी काय बसवलात हो! दुसऱ्या कुणी कापड परतच पाठवलं असतं. अजून तोच घालते पोरगी. थंडीत आतून स्वेटर घालायचा, पण फ्रॉक तोच."

मी पाण्याचा ग्लास उचलला. रिकामा होता. तरी तोंडाला लावला.

"तुमच्याकडेही तेच कापड होतं वाटतं," ती म्हणाली. "त्याच दुकानातलं असणार."

माझ्यासाठी सुटकेचं दार तिनेच उघडून दिलं होतं. मी फक्त त्यातून बाहेर पडले.

"हो. त्याच दुकानातलं."

"मग पावती असेल ना? जोडली की काम होईल. बाकीच्या तुकड्यांचीही असतील तर आणा."

"शोधते," मी म्हटलं. "उद्या येते." सहीची जागा तशीच राहिली.

ती माझ्याकडे बघत राहिली, मग आवाज खाली आणून म्हणाली, "माफ करताय ना तिला? कळलं मला. मन मोठं आहे, ताई, तुमचं."

आणि मी मान डोलावली. कुणाला खोटं वाटेल, पण मी डोलावली.

वन्संना मी एवढंच सांगितलं, की राहू दे म्हटलं. दोन दिवसांत सगळ्या गल्लीला माझ्या मोठ्या मनाची खबर लागली. बेकरीवाल्याने मला हात जोडले. मी पाव न घेता परत फिरले.

तिसऱ्या दिवशी काजवाली आली. दुकानात न शिरता उंबऱ्याबाहेर उभी राहिली. हातात गाठोडं.

"सगळं आहे यात," ती म्हणाली. "फ्रॉक तेवढा सोडून. तो आणला असता, पण पोर उघडी पडली असती."

"आत ये."

"नको. तुम्ही पोलिसांत गेला होतात. द्या मला पोलिसांत. मी नाही म्हणणार नाही, चोरी ती चोरीच." तिने गाठोडं टेबलावर ठेवलं. "पण थंडीच्या आधी मी मागितलं होतं, ताई. एखादा तुकडा असेल तर पोरीला होईल म्हटलं होतं. तुम्ही म्हणालात, बघू."

म्हणाले होते. माझं 'बघू' म्हणजे 'नाही', हे तिला नऊ वर्षांत पाठ झालेलं होतं.

"आणि एक विचारू का?" ती म्हणाली. टोमणा नव्हता, खरंच तिला पडलेला प्रश्न होता. "तिथे तुम्ही काय लिहून दिलंत? कापड कुणाचं म्हणून?"

रस्त्यावरून कुणीतरी सायकलची घंटी वाजवत गेलं. मी गाठोड्याची गाठ सोडली, परत बांधली.

"हिरव्यातलं काही उरलं का गं?" मी विचारलं.

ती लाजली. चोरीचं बोलताना ताठ उभी असलेली बाई आता लाजली. "उरलं थोडं. गाठोड्यात खाली आहे. दोन बाह्यांच्या जोडापुरतं." मग हळूच, "मीही उलटसुलट फिरवूनच कापलं, ताई. तुमचं बघून बघून."

आम्ही दोघी हसलो आणि अर्ध्यातच थांबलो. ती आत येऊन स्टुलावर बसली.

मी कॉन्स्टेबल बाईला निरोप धाडला, फ्रॉक पाठवून दे, बाह्या लांब करून देते. तिने लगेच पाठवला. कोपरापाशी विरलेला, आतून स्वेटरचे गोळे चिकटलेले. मी बाह्यांच्या पट्ट्या उसवल्या. उसवताना शिवण वाचता येते, तशी मी माझीच शिवण वाचत होते. कापड आटलेलं नव्हतं. माझी कात्री कुठून वळली, ते स्पष्ट दिसत होतं. हिरव्याचा जोड दिला, जुना रंग थोडा फिका, नवा गडद. मनगटाला काजवालीनं काज केले.

शनिवारी बाई स्वतः आली, वर्दीतच, बरोबर पोरगी. पोरीने फ्रॉक घातला, हात पुढे केले, बाह्या मनगटापर्यंत. ती नुसती हात लांब करून बघत राहिली.

"अय्या, तेच कापड!" बाई म्हणाली. "त्या दुकानात मी कितीदा विचारलं, संपलं म्हणाले. कुठून मिळवलंत?"

समोरच्या स्टुलावर काजवालीची सुई थांबली. तिने मान वर केली नाही. उत्तर माझ्या जिभेवर तयार होतं, गुळगुळीत, एकदा वापरलेलं.

"तुमचंच आहे," मी म्हटलं.

"म्हणजे?"

"मागल्या वर्षीचं. कापड आटलं नव्हतं. पुरलं होतं. बाह्या मनगटापर्यंत झाल्या असत्या आणि वरही उरलं असतं. ते मी ठेवून घेतलं. चौकीत सांगितलेले बाकीचे तुकडेही तसलेच. पावती नाहीये कशाची." माझा आवाज इतका बारीक येत होता, की मलाच वाटलं दुसरं कुणी बोलतंय.

बाईच्या चेहऱ्यावरचं हसू सावकाश उतरलं. तिने पोरीची बाही धरली, जोडावरून अंगठा फिरवला, मग काजवालीकडे बघितलं, मग माझ्याकडे. ती रागावली असती तर बरं झालं असतं.

"थंडीभर स्वेटर घातला हो तिने आतून," ती म्हणाली. आणि पोरीची बाही सोडत, "मग आता तक्रार कुणी करायची?"

पोरीच्या अंगातला फ्रॉक नीट करायचा म्हणून मी वाकले, पण मनगटाचं बटण काजात जाईना.

काजवाली उठली. माझा हात हलकेच बाजूला केला.

"सरका," ती म्हणाली. "काज नवा आहे, घट्ट असतो," आणि तिने ते बटण लावलं.