वरून ओतलेली जादू

मी इंजिनातलं सिंथेटिक ऑइल बोलतोय, आणि गोड बोलायची माझी इच्छा संपली आहे.

कारखान्यात ठरावीक मापाचे रेणू जोडून माझं मूळ तेल बनवलं, म्हणून कडक थंडीतही मी वाहता राहतो. पण नुसतं मूळ तेल इंजिनात टिकत नाही. त्यात काजळी धुणारं एक द्रव्य मिसळलं, ती तळाशी बसू न देणारं दुसरं. एक घासणाऱ्या धातूंवर थर धरतं, एक मला उष्णतेत फार पातळ होऊ देत नाही. एकाचं प्रमाण चुकलं की दुसऱ्याचं काम बिघडतं. ते जमवण्यात माणसांची वर्षं गेली होती!

२०२०च्या फेब्रुवारीत मी पुण्याहून परदेशी येऊन क्लोनडॉकिनला राहिलेल्या हेमचंद्रच्या गाडीत आलो. पुढच्याच महिन्यात लॉकडाऊन लागला. तो घरून कोडिंग करू लागला; त्याची बायको विद्या मात्र रोज गाडीनं ब्लँचर्डस्टाउनच्या हॉस्पिटलच्या लॅबमध्ये जाई.

वर्ष उलटलं. "अरे, ऑइल बदलायला हवं," विद्या तीनदा म्हणाली.

"सिंथेटिक आहे गं. एकदम ग्रँड, काही होत नाही!"

आणि एका रविवारी त्यानं ऑनलाइन मागवलेली कसलीशी 'जादूची' बाटली माझ्यात रिकामी केली. तिला न विचारता. मी आधीच थकलेला, त्यात हा भलता पाहुणा. माझी घडी विस्कटली. उचलून धरलेली काजळी सुटली, चिखल होऊन मला वर खेचणाऱ्या पंपाच्या जाळीत अडकली.

मार्चमध्ये मोटरवेवर ऑइलचा लाल दिवा लागला, इंजिन किंचाळलं. विद्यानं गाडी कडेला घेतली. पावसात उभं राहून तिनं हेमचंद्रला फोन केला.

"तूच इंजिनची वाट लावलीस!" तो ओरडला. वर पुण्याच्या फॅमिली ग्रुपवर तेच लिहूनही टाकलं.

गॅरेजवाल्या डेक्लननं खालचं झाकण काढलं. डांबरासारखा मी बाहेर आलो. त्यानं चिमटीत घेऊन पाहिलं. "यात वरून काय ओतलंत?"

हेमचंद्रनं फोनवर त्या बाटलीची ऑर्डर काढून दाखवली.

"मी रोज लोकांच्या रक्तात कशाचं प्रमाण किती ते तपासते," विद्या म्हणाली, "आणि घरात मला एका शब्दानं विचारलं नाहीस!"

"सॉरी, विद्या."

"मला नको. ग्रुपवर लिही. आत्ता, माझ्यासमोर."

त्यानं लिहिलं. तिनं वाचलं, मान हलवली आणि बस पकडायला निघून गेली.

मी आता गॅरेजमागच्या पिंपात आहे. गाळून पुन्हा तेल करतील म्हणे. करोत. फक्त बाटली उपडी करण्याआधी, गाडी रोज चालवणारीला विचारा.