सुंदराबाईंची कवळी

मुलुंडच्या इंडस्ट्रियल इस्टेटमधल्या एका गाळ्यात अनंत राणे एकतीस वर्षं कवळ्या बनवत होते. दवाखान्यांतून हिरड्यांची मापं यायची. त्यावर मेणात दात बसवायचे, मग पक्की कवळी करायची, पॉलिश मारून डबीत घालायची आणि परत पाठवायची. कुणाशी बोलायचा प्रसंग नाही. बायको गेल्यापासून तर त्यांना ते बरंच वाटायचं.

म्हणूनच जवळच्या शाळेतल्या उत्तराबाई आल्या आणि म्हणाल्या, "नववीच्या मुलांना दहा शनिवार आसपासची कामं दाखवतोय, तुम्ही एक विद्यार्थिनी घ्या," तेव्हा अनंतनी सरळ हात जोडले. "मला शिकवता नाही येत हो."

"शिकवू नका. तिला नुसतं बघू द्या."

पुढच्या शनिवारी गंधाली दारात उभी राहिली, तोंड एवढंसं करून. तिला बँक हवी होती, चिठ्ठीत कवळी निघाली. वर्गातली पोरं ओठ आत दुमडून तिला चिडवत होती. हे तिनं तिसऱ्या शनिवारी सांगितलं, आणि अनंतना इतकं हसू आलं की हातातलं मेण खाली पडलं. मग तीही हसली.

तिनं कालवलेल्या प्लास्टरमध्ये आधी बुडबुडेच बुडबुडे. "सावकाश गो बाय, भजी नाय तळायची," अनंत म्हणायचे. पाचव्या शनिवारी बुडबुडे थांबले. सातव्या शनिवारी त्यांनी एक तयार कवळी तिच्या हातात दिली आणि पॉलिश कर म्हणाले. तिनं दोन तास मान वर केली नाही.

डबी बंद करताना तिनं शाळेची वही काढली. "काका, यात एक प्रश्न आहे. 'हे काम शेवटी कुणाच्या उपयोगी पडतं? त्या व्यक्तीला भेटून लिहा.' आपण कुणाला भेटायचं?"

"मी नाही कधी कुणाला भेटलो."

"एकतीस वर्षांत एकालापण नाही?"

अनंतनी आठवून पाहिलं. खरंच, एकालाही नाही. हजारो लोक त्यांनी बनवलेल्या दातांनी जेवत होते, आणि त्यातलं एक तोंड त्यांनी पाहिलं नव्हतं. त्या दिवशी गाळा बंद करेपर्यंत तो प्रश्न त्यांना टोचत राहिला.

ती पॉलिश केलेली कवळी ज्यांच्याकडे जायची होती, त्या नाहूरच्या डॉक्टर नमितांना त्यांनी फोन केला. डॉक्टरांनी पेशंटला विचारून दोघांना बोलावलं. आठव्या शनिवारी अनंत इस्त्रीचा शर्ट घालून आले, तेव्हा गंधालीनं हसू दाबलं.

खुर्चीत सुंदराबाई बसल्या होत्या. सत्तरीच्या कोळीणबाई, जन्म बाजारात मासळी विकण्यात गेलेला. तोंडावर पदर. डॉक्टरांनी कवळी बसवली, जरा घासली, पुन्हा बसवली.

"आता बोलून बघा. नाव सांगा तुमचं."

बाईंनी आधी पुटपुटून पाहिलं. मग पदर खाली आला. "सुंदराबाई." पुन्हा मोठ्यानं, "सुंदराबाई!" आणि त्यांचे डोळे भरून आले. "दोन वर्सं माज्या नावाची वाट लागली व्हती. 'हुंदराबाई' यायचा तोंडातून. नातवंडा हसायची, म्हनून मी बोलनाच सोडला."

"यांनी बनवलीय," डॉक्टर म्हणाल्या.

"पॉलिश हिनं केलंय," अनंत घाईघाईनं म्हणाले. सुंदराबाईंनी गंधालीला जवळ ओढलं, तिचे हात उलटसुलट करून पाहिले. "बारीक हाईत गं," एवढंच म्हणाल्या. हात मात्र बराच वेळ सोडले नाहीत.

बाहेर आल्यावर अनंत चष्मा पुसत रस्त्याच्या कडेला उभे राहिले. गंधाली शहाणी पोर. तिनं तिकडे बघितलंच नाही, कंपाऊंडच्या भिंतीवर वही ठेवून लिहीत राहिली.

दहा शनिवार संपले. अकराव्या शनिवारी ती पुन्हा आली.

"काय गो, संपलं ना तुझं?"

"शाळेचं संपलं," ती म्हणाली आणि अॅप्रन बांधायला लागली. "अन् बँकेचं मी अजून सोडलेलं नाही हां काका. बघू."

"बघ ना. घाई कसली."

आता कवळी बसवायची असली की डॉक्टर नमिता अनंतना आधी कळवतात आणि ते हातातलं काम ठेवून नाहूरला जातात. जूनमध्ये शाळा उघडली, तेव्हा त्यांनी स्वतःहून उत्तराबाईंना फोन लावला.

"बाई, यंदा दोघं पाठवा. जागा करतोय."