दमयंतीच्या खिडकीची काच

मित्रांनो, मी एक जुनी काच आहे. पनवेलच्या खाडीकडे तोंड करून एका घराच्या मागच्या भिंतीत मी बसलेली आहे. बसलेली म्हणजे चारी बाजूंनी सागवानी चौकटीत ठोकलेली. मला कडी नाही, बिजागरी नाही. उघडणं माझ्या नशिबी नाही.

माझा जन्म भट्टीतला. तरुणपणी मी मुंबईत एका कापडदुकानाच्या दर्शनी बाजूला उभी असायचे. लोक माझ्यातून रेशमी पातळं न्याहाळत आणि माझ्यातच बघून केस सारखे करत. पुढे ते दुकान मोडलं आणि पेंढ्यात गुंडाळलेली मी मिठाच्या मचव्यातून पनवेलला आले. स्वातंत्र्य मिळून तेव्हा पाच-सहा वर्षं झाली असतील.

मला आणलं दयारामांनी. त्यांचं लहानसं मिठागर होतं. त्यांची बायको दमयंती लग्न झाल्यापासून त्यांच्या जोडीनं तिथे राबलेली. त्या वर्षी ओल्या बांधावरून तिचा पाय घसरला आणि कमरेचं हाड मोडलं. अंथरुणावरून हलायचं नाही, असं डॉक्टरांनी बजावलं. जिच्या डोक्यावर जन्मभर उघडं आभाळ, ती अंधाऱ्या खोलीत भिंतीकडे बघत पडून राहिली. दयारामांना ते बघवेना. त्यांनी भिंत फोडून मला बसवलं.

"मिठागर दिसतंय का गं?" त्यांनी विचारलं.

"दिसतंय," ती म्हणाली. खाडीचं पाणी, मिठाचे पांढरे ढीग, बांधावरून चालणारी माणसं, सगळं ती डोळ्यांत साठवत होती. शेजारीपाजारी मला बघायला आले. माझी छाती अभिमानानं फुगली.

पण थोड्याच दिवसांत एका सकाळी माझ्या अंगावर धाडकन काहीतरी आदळलं. एक साळुंकी होती. ती खाली पडली ती उठलीच नाही. मग एक खंड्या, मग एक शिंपी पक्षी. मला ओरडून सांगता येत नव्हतं, बाजूला सरता येत नव्हतं. आत दमयंतीलाही उठता येत नव्हतं. आवाज झाला की ती फक्त मान वळवायची. आम्ही दोघी एकाच खोलीच्या कैदी होतो.

तिच्या सांगण्यावरून दयारामांनी आतून पडदा लावला. तरी पाखरं आदळतच राहिली, म्हणून तो पुन्हा काढून टाकला.

अंगणातल्या जास्वंदीत बुलबुलाच्या जोडीनं घरटं केलं होतं. पिल्लं अंड्यांतून नुकतीच बाहेर आली होती. एका दुपारी जोडीतली मादी चोचीत किडा धरून आली आणि सरळ माझ्यावर धडकली. नर संध्याकाळपर्यंत जास्वंदीवरून हाका मारत राहिला. दमयंतीनं तोंड भिंतीकडे फिरवलं. त्या दिवशी ती जेवली नाही, दुसऱ्या दिवशीही नाही.

"ही खिडकी बुजवा," ती नवऱ्याला म्हणाली. "मना नको."

"अगं, तुझ्यासाठीच बसवली. पाखरांना दिसत नाय, त्याला आपण काय करणार?"

"त्यांना काय दिसतं ते तुमी बगितलंय? जा, जास्वंदीपाशी उभं राहा नि माज्याकडं बगा."

दयाराम कुरकुरत बाहेर गेले. जास्वंदीपाशी उभं राहून त्यांनी माझ्याकडे पाहिलं. हात हलवला. पुन्हा हलवला. मग तसेच उभे राहिले. माझ्यात त्यांना जास्वंद दिसत होती, मागचं आभाळ दिसत होतं, हात हलवणारा एक माणूस दिसत होता. जिच्यासाठी भिंत फोडली, ती मात्र कुठेच दिसत नव्हती.

आत येऊन ते तिच्या अंथरुणाशी बसले.

"मी हात हलवत होतो."

"मी बी हलवला," ती म्हणाली.

"मना तू दिसलीस नाय."

दुसऱ्या दिवशी मासळी घेऊन येणाऱ्या गुणाबाईला दमयंतीनं जुनं जाळं मागितलं.

"जालं कशाला गो? पाखरं धराची हायेत?"

"धराची नाय. वाचवाची हायेत."

गुणाबाईनं बारीक विणीचं एक जाळं आणून दिलं. दयारामांनी ते बाहेरून माझ्या अंगालगत ठोकलं. एक चिमणी आली आणि जाळ्यासकट माझ्यावर आपटून भोवंडली. ते बघून दमयंती म्हणाली, "जालं काचेला चिकटलंय. हातभर पुढं घ्या, नि खाटेच्या सुंभासारखं ताणा." दयारामांनी लाकडाची चौकट करून जाळं पुढे घेतलं आणि करकचून ताणलं.

आम्ही दोघी वाट बघत राहिलो. दुपारी तो बुलबुल चोचीत किडा घेऊन वेगात आला, जाळ्यावर झेलला गेला, क्षणभर तिथेच लोंबकळला आणि पंख झटकून घरट्याकडे वळला. एकट्यानं तो पिल्लांना भरवत होता. दमयंतीनं पेज मागून घेतली.

ती पुढे काठी टेकत चालू लागली, पण मिठागरात पुन्हा कधी गेली नाही. कितीतरी वर्षं तिनं मिठागर पाहिलं ते माझ्यातून आणि जाळ्यातून. ते तिला पुसट दिसायचं. तिनं त्याबद्दल कधी तक्रार केली नाही.

आता ती नाही. दयाराम मुलीकडे राहायला गेले. घरात नवे भाडेकरू आले. रंगकाम करताना त्यांनी ते जुनं जाळं काढून टाकलं आणि मला घासूनपुसून लख्ख केलं. मित्रांनो, मी जितकी लख्ख, तितकी पाखरांना घातक. कालच एक शिंपी माझ्या पायाशी पडला. आत रेडिओ चालू होता. कोणाला ऐकू गेलं नाही.

तुमच्या घरी माझ्यासारखी काच असेल, तर एकदा बाहेर जाऊन तिच्याकडे बघा. तिच्यात झाड किंवा आभाळ दिसलं, तर बाहेरच्या बाजूनं जाळं ताणा, नाहीतर दोन-दोन बोटांच्या अंतरावर दोऱ्या सोडा. एवढं काम काचेला स्वतःला करता येत नाही. त्याला हात लागतात, मित्रांनो, आणि ते तुम्हाला आहेत.