पेपरवेटचा तळ

नंदिनीने पेपरवेट उलटा केला आणि तळाशी भिंग धरलं. काचेच्या पोटात रंगीत फुलं दाटीने बसली होती. वरून पाहणाऱ्याला गोळा जुना, विलायती वाटला असता. पण तो हाताला हलका लागत होता. जुन्या फ्रेंच काचेत शिसं असतं, ती हातात जड भरते. शिवाय तळावरचे ओरखडे सगळे एकाच दिशेने गेलेले. वर्षानुवर्षं टेबलावर सरकणारी काच आडवीतिडवी झिजते. इथे जुनेपणा दिसावा म्हणून कुणीतरी सँडपेपर फिरवला होता.

ओरखड्यांत तपकिरी मळ होता. तिने तळ नाकाशी नेला आणि झटकन दूर केला. सुपारी, तंबाखू, चुना. खर्रा.

समोर वच्छलाबाई बसल्या होत्या. शहराबाहेरच्या बेसाहून नंदिनीच्या धरमपेठेतल्या जुन्या वस्तूंच्या दुकानात त्या हट्टाने आल्या होत्या. शेजारी मुलगा सुमंत, गालात खर्रा धरून.

“याचे बाबा सांगत, फ्रान्सचा होय म्हणून,” वच्छलाबाई म्हणाल्या. “लोक हसत त्याइले. म्हटलं, आता थे नाहीत, तं एकदा पक्कं करून घ्यावं.”

“काकू, हा चीनचा आहे. अगदी अलीकडचा.”

वच्छलाबाईंचा चेहरा उतरला. “म्हणजे थे जनमभर खोटं बोलले काय?”

नंदिनीने सुमंतकडे पाहिलं. आता तरी तो बोलेल, असं तिला वाटलं.

“बाबाले सवयच होती वं आई, फेकायची,” तो हसला. दातांच्या फटींत तोच तपकिरी रंग होता.

नंदिनीने रुमालाला बोटं पुसली, पुन्हा पुसली.

“तुमच्या घरात हा कधीपासून आहे, काकू?”

“माह्या लग्नाच्याही आधीपासून.”

“मग तो हा नव्हे. कुणीतरी बदललाय. तळाचा वास घ्या.”

सुमंतचं तोंड हलायचं थांबलं.

वच्छलाबाईंनी गोळा नाकाशी नेला. बराच वेळ तिथेच धरला. मग तो मुलाच्या पुढ्यात ठेवला.

“म्हणजे थे खोटं नव्हते बोलत,” त्या हळूच म्हणाल्या.

“आई, मी गाडी काढतो. घरी बोलू.” त्याने आधाराला हात पुढे केला.

वच्छलाबाई काउंटर धरून उठल्या.

“बाई, मले एक ऑटो बोलावून देता काय?” त्यांनी नंदिनीला विचारलं. “एकटीसाठी.”