गोड बोलणारी धनश्रीताई

लग्नाला वर्षं उलटली अन् पाळणा हलला नाही, की गावाच्या जिभेला हाड राहत नाही! उमापूरच्या मनिषाला तर सासूचेही टोमणे होते. वैतागून तिनं मोबाइलवर दिसलेली, मूल होण्यासाठीची पावडर डबाभर मागवली. विकणारी धनश्रीताई बोलायला लई गोड. आधी तिनं पत्ता विचारला, मग पाळी, मग नवऱ्याचा, युवराजचा, नंबर. मनिषा सांगत गेली. लग्नाआधी गर्भाशयाच्या गाठीचं ऑपरेशन झालेलं, माहेरच्यांनी ते सासरच्यांपासून लपवलेलं, हेही तिनं लिहून टाकलं. मन हलकं झालं बिचारीचं!

गुण काही येईना. "ताई, आता डबा नको," मनिषानं कळवलं.

लगेच उत्तर आलं. "घरी ऑपरेशनचं ठाऊक आहे ना? युवराजभाऊंचा नंबर आहे माझ्याकडं. पुढचा डबा पाठवते हं."

मनिषाच्या पायाखालची जमीन सरकली. डबे येत राहिले. युवराजचा फोन वाजला की ती हातातलं काम सोडून कान देऊन ऐकायची. तव्यावरच्या भाकरी करपू लागल्या, तेव्हा सासूनं, चंद्रभागाबाईंनी, तिला समोर बसवलं.

"काय लपवायलीस गं? काहून वाळत चाललीस?"

मनिषानं रडत सारं सांगितलं. आता आपली रवानगी माहेरी, या भीतीनं तिनं मान वर केली नाही.

चंद्रभागाबाई म्हणाल्या, "लपवलं ते वाईटच केलं. राग आलाय मला. पण माझ्या तोंडाला भिऊन तू परकीला पोटातलं सांगितलंस, ही माझीबी चूक हाय. अगं, बांगड्या भरताना कासारणीपाशी आपण बोलतोच की! पण तिचं घर आपल्याला म्हाईत असतंय, तिला पुन्हा आपल्याच दारात यायचं असतंय. हिचं तोंड तरी बघितलंस का?"

युवराजला त्यांनीच सगळं सांगितलं. तो तणतणत बाहेर गेला, पण परत येऊन बायकोजवळ बसला. तिघांनी बीडला जाऊन पोलिसांत तक्रार दिली. धनश्रीताईचा नंबर बंद झाला. हुश्श!

आठवडाही गेला नसेल, अनोळखी नंबरवरून पुरुषाचा आवाज आला. "मनिषाताई ना? गाठीच्या ऑपरेशननंतरचं खास औषध आहे आमच्याकडं."

मनिषानं फोन ठेवला. धनश्रीताईचा नंबर बंद झाला होता, पण गुपित पुढं विकलं गेलं होतं.

बंधुभगिनींनो, विकणाऱ्याला दाम द्या, पत्ता द्या, घरातलं गुपित देऊ नका! वस्तू परत करता येते, सांगितलेलं परत घेता येत नाही. अन् सासवांनो, नवऱ्यांनो, आपल्या माणसाला आपल्यापाशी बोलायची भीती वाटू देऊ नका. त्या भीतीवरच या लोकांचा धंदा चालतो.