आधी उलटा हात, मग सुलटा

गाडीतला अॅम्प्लिफायर तिसऱ्यांदा बंद पडला तेव्हा सृष्टी माझ्या मांडीवर झोपली होती, म्हणून मी काही बोलले नाही. सृष्टीचे बाबा, कृष्णराज, समोर बघत गाडी चालवत राहिले. गाणं मधेच तुटलं आणि नंतर टायरचा आवाज तेवढा राहिला. घरी येईपर्यंत दोघंही एकच हिशेब करत होतो, हे मला त्यांच्या गप्प बसण्यावरून कळत होतं. पहिल्या दुकानात आठशे, दुसऱ्या दुकानात अठराशे, आणि हा आपला पुन्हा मुका.

आठवड्याभरानं, रविवारी, सृष्टीचं जावळ काढायला तेरला जायचं होतं. तिला तिसरं लागलं होतं. लोहाऱ्याहून आई आणि आप्पा आदल्या दिवशी येणार होते. आप्पा गाडीत बसले की पट्टा लावायच्या आधी म्हणतात, "लाव की मशीन." अॅम्प्लिफायरला ते मशीनच म्हणतात. त्यांचे कान आता मंद झालेत. मोबाईलवरचं गाणं त्यांच्यापर्यंत पोचत नाही, नुसती गुणगुण पोचते म्हणे. पण गाडीतल्या मशीनचं पोचतं. त्यावेळी त्यांची बोटं गुडघ्यावर चालतात.

आणि ते मशीन त्यांचंच आहे.

आप्पांनी सव्वीस वर्षं लोहारा ते धाराशिव जीप चालवली. जीप भंगारात द्यायची वेळ आली तेव्हा त्यांनी स्क्रू ड्रायव्हर घेऊन एवढी एकच वस्तू सोडवली, टॉवेलात गुंडाळली आणि आम्ही सेकंडहँड गाडी घेतली त्या दिवशी आणून दिली. कृष्णराजना म्हणाले, "जावयाला द्यायचं ते लग्नात दिलं. हे गाडीला." कृष्णराजनी ते पुढच्या सीटखाली बसवून घेतलं. पण डबा मोठा, सीट लहान. निम्मा डबा मागच्या बाजूला, पाय ठेवतात तिथं, बाहेर आलेला. वर अॅल्युमिनियमच्या पट्ट्या, फणीच्या दातांसारख्या. मशीन चालू असलं की त्या चांगल्याच तापतात.

त्याचा आजार विचित्र होता. गावातल्या गावात फिरलं की काही नाही. लांब निघालं की अर्ध्या तासानं बंद, आणि घरी येऊन तासभर उभं केलं की आपोआप चालू. दुकानात नेलं तर तिथं हमखास वाजायचं. लेकराला दवाखान्यात नेलं की दारातच ताप उतरतो, तसं. पहिल्या दुकानदारानं वायरी जुन्या झाल्यात म्हणून सगळ्या बदलल्या. दुसऱ्यानं डबा दोन दिवस ठेवून घेतला आणि आतले काही भाग नवीन टाकले म्हणून सांगितलं. मी दोन्ही वेळा तिथं उभी राहून बघत होते. मला सवयच आहे बघत राहायची. सृष्टी झाल्यापासून तर गॅसचं बटन, दाराची कडी, बाटलीचं झाकण, सगळं मी दोनदा बघते.

तिसरं दुकान नवीन, काचेचं. उत्कर्ष नावाचा चटपटीत मुलगा मालक. त्यानं डबा उलटासुलटा करून बघितला आणि म्हणाला, "वहिनी, ह्याच्यावर कंपनीचं नावच नाही." मग त्यानं दोन मार्ग सांगितले. आत एक कट-ऑफ दिसतोय, तो डायरेक्ट करून देतो, मग बंद पडणार नाही, पण पुढं काही झालं तर माझ्यावर नाही. नाहीतर नवा सेट, साडेसात हजार, त्यात जुन्या डब्याचे पाचशे कमी. जुने डबे कोपऱ्यात पडलेच होते. फाटक्या पडद्यांचे स्पीकर, तोंड उघडं पडलेले टेप, त्यांच्यावर चहाचे कप. मी डायरेक्ट म्हणजे काय ते रात्री मोबाईलवर वाचलं, त्यानं गाडीला आगही लागू शकते म्हणे, आणि झोप उडवून घेतली.

कृष्णराज म्हणाले की आप्पांना ते समजावतील. वस्तू आहे, जुनी झाली. त्यांचं चूक नव्हतं. आणि आप्पा काही म्हणालेही नसते, हेच मला नको होतं. ते सीटखाली वाकून बघतील, नवा चकचकीत डबा दिसेल, मग पट्टा लावतील आणि सबंध रस्ता खिडकीतून बाहेर बघत बसतील. मी शनिवारपर्यंत थांबा म्हटलं.

"दोन दिवसांत काय होणार आहे?" त्यांनी विचारलं.

मी म्हटलं, "ज्यानं बनवलंय त्याला दाखवते."

लोहाऱ्याला बाबामियाँ, आमचे चाचा, रेडिओ, भोंगे, टेप दुरुस्त करायचे. आप्पांचं मशीन त्यांनी हातानं बांधलं होतं. भाग हैदराबादहून, पत्रा लोहाऱ्याचा. आमची वस्ती गावाबाहेर. संध्याकाळी नाल्याच्या पलीकडं गाणं ऐकू आलं की आई चहाचं आधण ठेवायची. जीप चढ चढून दारात येईपर्यंत चहाला उकळी यायची. प्रवासी थट्टा करायचे, ज्ञानोबाची जीप आधी ऐकू येती, मग दिसती. तरी थांबायचे आमच्याच जीपसाठी. मागं रिकामी गाडी येत असली तरी.

माझी शाळा सकाळची असायची. थंडीच्या दिवसांत आप्पा पहिल्या फेरीला मला पुढं बसवून लोहाऱ्यात सोडायचे. जीपला दारं नव्हती, ताडपत्री होती, आणि ती एका बाजूनं फडफडायची. बोटं अशी गारठायची की दप्तराचा पट्टा धरवत नव्हता. मशीन गिअरच्या शेजारी. आप्पा म्हणायचे, शेक घे. आणि दर वेळी, न चुकता, तेच सांगायचे: आधी उलटा हात लाव, मग सुलटा. हाताच्या पाठीला सोसलं तर तळव्यालाही सोसतं, आणि नाही सोसलं तर हात आपोआप मागं येतो, चिकटून राहत नाही. मी उलटा हात लावायची. मग तळवे ठेवायची. गाण्यातला ढोलकीचा ठोका तळव्यात लागायचा. शाळेत पोचले की बाकीच्या पोरी हात काखेत घालून बसलेल्या असायच्या आणि माझं अक्षर पहिल्या ओळीपासून नीट यायचं.

शुक्रवारी मी डबा पिशवीत घातला, सृष्टीला कडेवर घेतलं आणि वस्तीवर आई-आप्पांना कळू न देता एसटीनं लोहाऱ्याला निघाले. कृष्णराजनी डबा सोडवून दिला. सृष्टीसाठी पाणी, बिस्किटं, तापाचं औषध, दोन फ्रॉक, आणि तिची गोधडी. आईनं माझ्या सातव्या महिन्यात शिवायला घेतलेली, लाल दोऱ्याची. ती आम्ही नेऊ तिथं असते.

बाबामियाँचं दुकान आता घराच्या ओसरीत होतं. एक टेबल, गाडीची एक बॅटरी, एक मोठा स्पीकर. ते खूप वाळले होते. त्यांनी माझ्याकडं न बघता पिशवीकडं बघितलं, हात घालून डबा काढला आणि मग म्हणाले, "ज्ञानोबाची का तू?" त्यांची सून जमिलाबी सृष्टीला खारीक देऊन गेली. मी ती हळूच बाजूला ठेवली, घशात अडकेल म्हणून.

मी सगळं सांगितलं. वायरी, बदललेले भाग, कट-ऑफ, साडेसात हजार. चाचांनी डबा बॅटरीला जोडला, वरचा पंखा बंद केला आणि गाणं लावून आत जेवायला निघून गेले. मी बसून राहिले. अर्धा तास झाला, पाऊण तास झाला. वाजतंय ते वाजतंयच. मला तर रडूच यायला लागलं. एवढ्या लांब आणलं आणि इथंही ताप उतरला.

चाचा हात पुसत आले. पट्ट्यांना हाताची पाठ लावली. मग चष्मा लावून चिमटा घेतला आणि पट्ट्यांच्या फटींतून एकेक काहीतरी ओढून टेबलावर ठेवायला लागले. कापसाची लव. आणखी लव. आणि बोटभर लांब लाल दोरा.

"यात काही बिघाड न्हाय, बेटी," ते म्हणाले. "याच्यावर कोन काय झाकतं?"

दोरा टेबलावर होता आणि तसाच दोरा माझ्या मांडीवर, सृष्टीच्या अंगाखाली होता. गाडी लांब निघाली की पहिलं काम मी करत होते ते हेच. गोधडीची चौघडी करून मशीनवर घालायची, कडा नीट खोचायच्या. सृष्टी मागं पायाशी उतरते, तिचा हात लागेल, भाजेल. दुकानात गेलो की तीच गोधडी मी आधी काढून घ्यायची, ग्रीसचे हात लागू नयेत म्हणून, आणि मेकॅनिकच्या शेजारी ती छातीशी धरून उभी राहायची. दोन दुकानांत मी ती धरून उभी होते. बघत होते सगळं.

मी म्हटलं, मी झाकते. पोरीचा हात भाजू नये म्हणून.

चाचांनी डब्याचं झाकण उघडलं आणि चिमट्याचं टोक एका नाण्याएवढ्या बटनावर ठेवलं. इस्त्रीत असतं तसलं होतं. मशीन ठरावीक तापलं की ते गाणं तोडतं आणि निवलं की जोडतं. उत्कर्ष डायरेक्ट करणार होता ते हेच.

"हे आधी नव्हतं यात," चाचा म्हणाले. "तू थंडीत हात शेकायची ना, तर तुझी आई मथुराबाई लई भांडली ज्ञानोबाशी. लेकराचा हात भाजंल, गाडीतनं काढा म्हनाली ते. तो माझ्याकडं आला. म्हनला, गानं मधी थांबलं तर थांबू दे, प्रवासी शिव्या देतील तर देऊ दे, पन हात भाजला न्हाय पायजे. मी माझा हात ठिवून ठिवून हे बसवलंय. मला सोसलं तितकंच."

त्यांनी झाकण लावलं, चारही स्क्रू पिळले. मग म्हणाले, "तपासायचे पन्नास. फुकट न्हाय. तुझ्या बापाकडूनही घेत होतो."

परतीच्या एसटीत सृष्टी गोधडीत झोपली आणि मी पिशवी पायांमधे धरून बसले. तो लाल दोरा मी पर्समधे ठेवला होता. का ते माहीत नाही. आईच्या आणि आप्पांच्या त्या भांडणाचं मला काहीच आठवत नव्हतं. मला नुसती ऊब आठवत होती. आणि उन्हाळ्यात मधेच गाणं थांबायचं ते. आप्पा तेव्हा म्हणायचे, मशीन दम खातंय. मागचे प्रवासी हसायचे.

कृष्णराजना सांगायला मला धीर लागला. दार लावून घेऊन सांगितलं. दोन हजार सहाशे रुपये, आणि माझ्यामुळं. ते चिडतील असं वाटलं होतं. त्यांनी गोधडी उचलून हातात तोलली.

"लई महाग पडली ही," एवढंच म्हणाले, आणि शनिवारी सकाळी डबा पुन्हा जागेवर बसवला.

रविवारी धुकं होतं. आप्पा पुढं बसले. मी आणि आई मागं, मधे सृष्टी. गोधडी मी घडी करून मागच्या काचेपाशी ठेवली. ठेवताना आईनं विचारलं, पोरीला गारठा न्हाय का. मी म्हटलं, स्वेटर घातलाय. आप्पा म्हणाले, "लाव की मशीन," आणि पट्टा लावायला लागले.

गाणं सुरू झालं. वीस मिनिटांनी सृष्टी सीटवरून खाली उतरली, रोजच्यासारखी. आईनं आणि मी एकाच वेळी हात पुढं केला. आमचे हात एकमेकींवर आदळले. कृष्णराजनी आरशातून बघितलं आणि आप्पांना गोधडीची सगळी गोष्ट सांगितली, दुकानांच्या पैशांसकट, मोठ्यानं, त्यांना ऐकू जावी म्हणून. मी खाली मान घालून बसले. आप्पा हसले नाहीत. आई म्हणाली, "माझी पोरगी हाय. मी पन झाकलंच असतं." आणि नंतर आप्पांच्या पाठीकडं बघून म्हणाली, "ह्यांना काय, गानं वाजलं की झालं."

आप्पांनी ते ऐकलं की नाही कोण जाणे. ते अंग वळवून दोन सीटांच्या मधून मागं झुकले. त्यांचा तो काळा, जाड बोटांचा हात खाली आला. त्यांनी सृष्टीचा हात मनगटापाशी धरला आणि उलटा केला.

"आधी असा," ते म्हणाले. "मग असा."

मी श्वास धरून बघत होते. उलटा हात पट्ट्यांना लागला. सृष्टीनं तो मागं घेतला, माझ्याकडं बघितलं. मी ओरडते का ते बघत होती. माझ्या तोंडून काही निघालं नाही, एवढं मात्र मी केलं. मग तिनं तळवा ठेवला. नंतर दुसराही ठेवला. धुकं काचेला चिकटलेलं होतं, आप्पांची बोटं गुडघ्यावर चालली होती, आणि तेर येईपर्यंत गाणं एकदाही थांबलं नाही.

जावळ झालं. डोक्याला टोपी घालून परत गाडीत बसवलं तर सृष्टी थेट खाली उतरली. मशीन अजून गार होतं. तिला काही ते पटलं नाही. ती वाट बघत तिथंच उकिडवी बसली. वाटेत ढोकीच्या जवळपास तिनं पुन्हा उलटा हात लावला, मग सुलटा, आणि उभं राहून तो गरम तळवा माझ्या गालावर ठेवला.

आई म्हणाली, बघ, भाजला का हात.

मी तो तळवा गालावरून काढून बघितला. लाल नव्हता. परत जिथं होता तिथं ठेवला.