पिवळ्या दिव्यावरची एकवीरा

मित्रांनो, मी एक जुनी आणि दमलेली गाडी आहे. उंच, रुंद, चारही चाकांनी जोर लावणारी. माझ्या जातीला एसयूव्ही म्हणतात. पाली गावातली पोरं नुसतंच ‘मोठी’ म्हणतात. समुद्राकडे उतरणाऱ्या गल्लीच्या तोंडाशी, झावळ्यांच्या आडोशाला मी उभी असते. माझ्या छतावर सुकट वाळत घालतात आणि बॉनेटवर एक मांजरी झोपते. इंजिन कधीचं गार पडलंय, पण तिची सवय जात नाही. वय विचाराल तर मी आठच वर्षांची. मात्र खाऱ्या वाऱ्यात पत्र्याला म्हातारपण लवकर येतं.

माझा जन्म परदेशातला. तिथे अर्धं वर्ष रस्त्यावर बर्फ असतो. कारखान्यातून बाहेर पडायच्या आधी मला त्या बर्फावर नेलं आणि मुद्दाम घसरवून पाहिलं. ड्रायव्हरने स्टिअरिंग एका बाजूला वळवलं आणि मी भलतीकडेच चालले, की माझ्या आत एक यंत्र जागं होतं. ते चारांपैकी नेमक्या एकाच चाकाला हलकेच ब्रेक लावतं, इंजिनचा जोर थोडा कमी करतं आणि मला वाटेवर आणतं. गर्दीत भरकटणाऱ्या पोराच्या खांद्याला आई न बोलता हात लावते ना, तसंच. हे चालू असताना समोर एक छोटा पिवळा दिवा लुकलुकतो. त्यावर घसरणारी गाडी आणि तिच्यामागे दोन वाकड्या रेघा काढलेल्या असतात. ‘रस्ता निसरडा आहे, मी धरलंय, पण तूही जरा हळू हो,’ एवढंच त्या दिव्याचं म्हणणं.

जहाजातून मी इकडे आले आणि मीरा रोडच्या एका बिल्डर शेठच्या दारात पाच वर्षं राहिले. मला पुसायला वेगळा माणूस होता. मी बंगल्यापासून साइटवर जायचे आणि साइटवरून बंगल्यावर यायचे. ज्या अंगात डोंगर चढायची ताकद होती, त्या अंगाने मी स्पीडब्रेकर चढले. मग शेठनी नवी गाडी घेतली आणि मी पालीच्या धाकू कोळ्याकडे आले. चावी देताना एसी कसा लावायचा ते सांगितलं, टेप कसा लावायचा तेही सांगितलं. दिव्यांबद्दल कोणी चकार शब्द काढला नाही.

धाकूची होडी त्याच्या आदल्याच वर्षी खडकावर फुटली होती. ज्या माणसाने आयुष्यभर स्वतःच्या होडीवर हुकूम सोडले, तो दुसऱ्याच्या होडीवर खलाशी म्हणून जायचा आणि घरी आल्यावर कोणाशी बोलायचा नाही. त्याची बायको दुर्गा भाईंदरच्या बाजारात हातगाडीवर मासळी विकायची. बंदरावरची मासळी बाजारात पोचवायला त्यांना दणकट गाडी हवी होती, म्हणून मी. धाकूला गाडी येत नव्हती. त्यांची मुलगी आरोही मोटार ट्रेनिंगला जाऊन शिकली आणि माझं स्टिअरिंग तिच्या हातात आलं. गल्लीतल्या बायका म्हणायच्या, धाकूची पोरगी हत्तीवर बसून बाजारात जाते.

एका पावसाळी सकाळी डोंगरीच्या वळणावर मासळीचं पाणी सांडलेलं होतं. माझं मागचं चाक सरकलं, मी सावरलं आणि माझा दिवा लुकलुकला. धाकू शेजारी बसला होता. त्याच्या मते लुकलुकणारा दिवा हा अपशकुनच. तो मला गोडदेवला बबन मेस्त्रीकडे घेऊन गेला. बबनने वरून-खालून पाहिलं आणि गाडीत काही बिघाड नाही, असं सांगितलं. मग धाकूने स्वतःच इलाज काढला. एकवीरा आईचं एक छोटं स्टिकर आणून बरोबर त्या दिव्यावर चिकटवलं. आता लुकलुकलं तरी आईच्या आड लुकलुकणार. त्याचं समाधान झालं. आरोही हसली, पण वडिलांनी चिकटवलेला देव काढायचा कसा, म्हणून तिने तो राहू दिला.

गिअरच्या मागे त्या यंत्राचं बटणही आहे. वाळूत चाकं फिरायला लागली की मला वाटतं घसरले, आणि मी जोर कमी करते. मग गाडी जागीच बसते. अशा वेळी बटण दाबून मला गप्प करायचं, चाकं मोकळी फिरू द्यायची, बाहेर निघायचं आणि रस्ता लागला की पुन्हा दाबून मला जागं करायचं. आरोहीला यातलं अर्धं कळलं होतं. पालीच्या पुळणीत अडकली की ती बटण दाबायची, वर आणून मला बंद करायची आणि घरी जायची. इंजिन बंद होऊन पुन्हा सुरू झालं की माझी मी जागी होते, त्यामुळे उरलेलं अर्धं शिकायची वेळ तिच्यावर आलीच नाही.

ती वेळ श्रावणात आली.

धाकूने ठाण्याच्या बाजूला खाडीकाठच्या एका कारखान्यात फायबरची नवी होडी करायला टाकली होती. ती तयार झाली. नारळी पुनवेला आपल्या होडीतून समुद्राला नारळ द्यायचा, हे त्याने वर्षभर मनात धरलं होतं. बबनने माझ्या चासीला मागे ओढायचा हूक बसवून दिला आणि बजावून एक साखळीही दिली. हूक निसटला तरी ट्रॉली साखळीवर राहील, म्हणाला. ट्रॉली कारखान्याची होती. दोन चाकांची, तिला स्वतःचे ब्रेक नव्हते.

होडीचं नाव अंबिका. धाकूने तिच्या नाळेला, म्हणजे पुढच्या टोकाला, हळदकुंकू लावलं. मग मशीन, नांगर, नव्या जाळ्यांचे गठ्ठे असं सगळं जड सामान होडीच्या पाठच्या भागात रचलं. समुद्रात तसंच रचतात. नाळ हलकी हवी, तरच ती लाटेवर चढते. शिवाय धाकूच्या घरात नाळेला होडीचं कपाळ मानतात आणि कपाळावर कोणी ओझं ठेवत नाही. नीट बांधून झालं तेव्हा त्याचा चेहरा मुलीची पाठवणी करत असल्यासारखा नव्हे, सून घरी आणत असल्यासारखा झाला होता.

कारखान्याच्या अंगणात रेती होती आणि पाऊस पडून गेला होता. मी रुतले. आरोहीने बटण दाबलं, मी जोर करून बाहेर आले आणि तशीच रस्त्याला लागले. इंजिन चालूच होतं. म्हणजे मी गप्पच होते. ‘यंत्र बंद आहे’ हे सांगायला माझा पिवळा दिवा आता न लुकलुकता सरळ लागला होता, आणि तो होता एकवीरा आईच्या मागे. त्या पातळ स्टिकरभोवती पिवळी प्रभावळ उमटली. धाकूने ती पाहिली आणि दोन्ही हात जोडले.

“आई पावली बघ,” तो म्हणाला. “कशी उजळली हाय.”

आरोहीनेही एक हात छातीला लावून नमस्कार केला. मित्रांनो, मला ओरडता आलं असतं तर मी तेव्हा ओरडले असते. पण गाडीला एक हॉर्न असतो, आणि तोही तिचा तिला वाजवता येत नाही.

गायमुखचा चढ मी हळूहळू चढले. तेव्हाच माझं शेपूट मला हलकं लागत होतं. ट्रॉलीचं थोडं ओझं माझ्या हुकावर दाबून बसायला हवं. इथे उलटच, ती मला मागून वर उचलत होती. उतार लागला. ओल्या रस्त्यावर बाजूने एक कंटेनर जोरात गेला, त्याच्या वाऱ्याने होडी एकीकडे ढकलली गेली आणि परत येताना दुसरीकडे गेली. मग पुन्हा इकडे, आणखी जास्त. कोणी शेपूट धरून हलवावं तशी मी हलायला लागले. यंत्र जागं असतं तरी मी जादू केली नसती, कारण ट्रॉलीच्या दोन चाकांवर माझा हुकूम नव्हता. पण माझी स्वतःची चार चाकं तरी मी धरली असती. आता तेही नव्हतं.

धाकू चाळीस वर्षं समुद्रावर होता. आडवी लाट आली की नाळ तिच्या तोंडाला वळवायची, हे त्याच्या हातांना त्याच्या आधी कळायचं. हात गेलेच. त्याने शेजारून स्टिअरिंग धरलं.

“बाबा, हात काढा.”

त्याने काढले नाहीत. त्याला बहुधा ऐकूच आलं नाही. आरशात त्याला अंबिका आडवी होताना दिसत होती.

“बाबा,” आरोही म्हणाली, आणि आवाज चढवला नाही, “ही होडी नाही. हात काढा.”

त्याने काढले. आरोहीने अॅक्सिलरेटरवरून पाय उचलला. ब्रेकवर तो जोरात आपटावा असं तिला वाटत असणार, मला तिच्या पोटरीचा ताण कळत होता. पण तिने आपटला नाही. स्टिअरिंग सरळ धरलं, एक गिअर खाली घेतला आणि मला इंजिनच्या जोरावरच मंद होऊ दिलं. लहानपणी आईची हातगाडी ढकलताना दुर्गाने तिला शिकवलं होतं, की दांडे भांडायला लागले तर त्यांच्याशी भांडू नको, घट्ट धर आणि हळू हो. होडी अजून दोनदा झुलली, मग एकदा थोडी, मग सरळ मागे आली. साखळी खणखणत होती ती थांबली. चेण्याच्या अलीकडे रस्त्याला रुंद कडा होती, तिथे आम्ही उभ्या राहिलो. म्हणजे मी आणि अंबिका.

धाकू उतरून होडीभोवती फिरून आला. आरोही बसून राहिली. तिची नजर स्टिकरवर गेली. त्याच्या कडेने पिवळा उजेड येतच होता. तिने गिअरमागचं बटण दाबलं. प्रभावळ गेली. पुन्हा दाबलं. प्रभावळ आली. तिने वडिलांना हाक मारली आणि ते पुन्हा करून दाखवलं.

धाकू दारात उभा राहून पाहत होता. गळ्यातला टॉवेल त्याने दोन्ही हातांनी धरला होता.

“काढ ते,” तो शेवटी म्हणाला. “आईला वर बसव. तिलाही रस्ता दिसू दे.”

तिने नखाने अलगद स्टिकर सोडवलं आणि वर, आरशाच्या बाजूला चिकटवलं. मग ती मागे गेली. माझं मागचं अंग उचलल्यासारखं का दिसतंय, हे तिला खटकत होतं. ट्रॉलीच्या चाकांना दगड लावून तिने बापाला ट्रॉलीचा दांडा हुकातून काढायला लावला. इतकी मोठी होडी, मशीन, नांगर, सगळं वर असताना धाकूने तो दांडा एका हाताने उचलला. उचलला आणि तसाच धरून उभा राहिला.

“आईच्या हातगाडीचं मागं वजन झालं की दांडे असेच वर उडतात,” आरोही म्हणाली. “सामान पुढे घ्यायला लागेल. नाळेकडे.”

“नाळेवर ओझं ठेवत न्हाय.”

“मग मी चालवत नाही.”

तो रस्त्याच्या कठड्यावर जाऊन बसला. माझ्या बाजूने ट्रक जात राहिले, अंबिका त्यांच्या वाऱ्याने थरथरत राहिली. मग तो उठला, गळ्यातला टॉवेल काढला, नाळेच्या आत घडी घालून अंथरला आणि होडीला म्हणाला, “पोरी, पान्यात गेल्यावर तुझ्या कपालाला हात न्हाय लावनार. आजचा दिवस घे.” आणि जाळ्यांचा पहिला गठ्ठा त्यानेच उचलून ठेवला. नांगरही पुढे आला. पुन्हा दांडा उचलून पाहिला तेव्हा त्याला दोन्ही हात लावावे लागले. त्याने तो हुकात बसवला, साखळी अडकवली आणि मला थोपटलं. मागचं ओझं जड झालं आणि मला, दमलेलीला, बरं वाटलं. कधीकधी ओझं असण्यापेक्षा ते चुकीच्या जागी असणंच जास्त थकवतं.

आरोही हळू निघाली. काशीमिरा गेलं, भाईंदरचा पूल गेला. डोंगरीच्या त्याच वळणावर तेच सांडलेलं पाणी. माझं चाक किंचित सरकलं, मी धरलं, आणि दिवा सगळ्यांसमोर उघडा लुकलुकला. आरोहीने पाय आणखी हलका केला. धाकूने दिव्याकडे पाहिलं, वर आईकडे पाहिलं आणि खिडकीबाहेर बघत राहिला. पण त्याचे हात मांडीवर होते.

पालीत दुर्गा ताट घेऊन उभी होती. नाळेला कुंकू लावायला गेली तर तिथे गठ्ठे. होडीच्या कपाळावर ओझं कोणी ठेवलं, असं तिने विचारलं. धाकू म्हणाला, मी ठेवलं. एवढंच म्हणाला. दुर्गाने लेकीकडे पाहिलं, तिच्या चेहऱ्यावरून काय समजायचं ते समजली, आणि उरलेलं कुंकू माझ्या हुकाला लावलं. पाच वर्षं मला रोज कोणीतरी पुसलं होतं. कुंकू पहिल्यांदाच लागलं.

पुनवेला धाकूने आपल्या होडीतून नारळ दिला. त्यानंतर माझ्याकडे लक्ष द्यायला त्याला वेळ उरला नाही, आणि मला त्याचा राग नाही. मासळीचं पाणी माझ्या चटईखाली मुरलं, मीठ चाकांपर्यंत पोचलं. चाक घसरतंय की नाही हे ज्या तारा मला सांगायच्या, त्यांतली एक खाऱ्या पाण्याने खाल्ली. बबनने पाहिलं. तो भाग परदेशातून येतो, आता मिळत नाही, म्हणाला.

यंदा अंबिकेला ठिगळ लावायला कारखान्यात न्यायचं होतं. धाकूने चेण्यापासूनच्या सवयीने दांडा हातांनी उचलून पाहिला, “वजन बराबर बसलंय,” म्हणाला. आरोहीने चावी फिरवली. माझे सगळे दिवे लागले आणि एकेक करून विझले. पिवळा विझला नाही. तिने पुन्हा चावी फिरवली. तो तसाच. तिने इंजिन बंद केलं, खाली उतरली आणि बापाला म्हणाली, हिच्यामागे होडी लावायची नाही. धाकू कुरकुरला, एवढ्याशा दिव्यासाठी काय, असं काहीतरी पुटपुटला. मग त्याची नजर आरशाशेजारच्या आईवर गेली. तो भाड्याची गाडी बघायला गेला. पुढे मासळीही भाड्याच्या गाडीतूनच जायला लागली.

मित्रांनो, तेव्हापासून मी अशी उभी आहे. मला विसरले म्हणून नाही. माझं ऐकलं म्हणून. तुमच्या घरच्या गाडीतही असे दिवे असतील. ते लागले तर घाबरू नका, पण त्यांना झाकूही नका. हा काय सांगतोय, एवढं विचारा. आणि मागे काही ओढायचं असेल तर आधी हाताने उचलून बघा, ओझं कुठे बसलंय ते.

बाजारातून आल्यावर आरोही कधीकधी माझ्यात येऊन बसते. मांजरीला हटवत नाही. नुसती चावी अर्धी फिरवते. पिवळा दिवा लागतो.

“हो, कळलं,” ती म्हणते, आणि चावी काढून घेते.